क्लोद बेर्नार

मुलांनो, तुमच्या घरातील किंवा शेजारच्या कोणाची तरी मोठी शस्त्रक्रिया झालेली तुम्ही ऐकली असेल. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला पुष्कळदा एक लहानसे इंजेक्शन देतात. त्यामुळे त्याची भीती कमी होते, डोळे जड होतात. हे झाले गुंगीचे औषध. त्यानंतर त्याला पूर्ण भूल देतात. मग शरीरावर सुरी चालली तरी त्याला काही कळत नाही. आता तुम्ही विचाराल, भूल देऊन रोग्याला झोपवायचेच आहे, तर आधी हे वेगळे औषध कशाला? एकाच कामाला दोन औषधे का? या प्रश्नाचे उत्तर ज्याने शोधले आणि आयुष्याची बरीच वर्षे प्रयोगशाळेत घालवली, त्या फ्रेंच शास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे. त्याचे नाव क्लोद बेर्नार.

फ्रान्समध्ये ल्यों नावाचे मोठे शहर आहे. त्याच्या उत्तरेला टेकड्यांवर दूरवर द्राक्षांचे मळे पसरलेले आहेत. तेथील सँ-झुलियँ नावाच्या खेड्यात १२ जुलै १८१३ रोजी क्लोदचा जन्म झाला. वडील द्राक्षांचे मळे राखत. घरची स्थिती बेताचीच होती. क्लोद शाळेत हुशार म्हणून कधी ओळखला गेला नाही. तो अबोल होता, एकटाच वाचत बसे. शिक्षण अर्धवट सोडून तो १८३२ मध्ये ल्यों येथील एका औषधविक्याच्या दुकानात उमेदवारी करू लागला.

दुकान झाडणे, बाटल्या धुणे, मलमे घोटणे, औषधे पोहोचवणे अशी कामे त्याच्याकडे होती. जवळच जनावरांच्या डॉक्टरांचे विद्यालय होते. तेथे औषधे घेऊन तो वरचेवर जाई.

या दुकानात एक औषध फार खपत असे. त्याचे नाव तुम्हांला ओळखीचे वाटेल. उर्दूत विषावरच्या उताऱ्याला तिर्याक म्हणतात ना? तेच हे औषध. युरोपातही ते शेकडो वर्षे विकले जात होते. त्यात कितीतरी वनस्पती, मसाले, सापाचे मांस आणि अफू असे नाना पदार्थ असत. ते कोणत्याही दुखण्यावर चालते, असा लोकांचा समज होता. क्लोदला मात्र त्याची खरी कृती कळली होती. दुकानात एखादे औषध बिघडले, किंवा काही उरले, की मालक ते फेकू देत नसे. ते तिर्याकासाठी बाजूला ठेवायला सांगे. सगळे एका भांड्यात जाई आणि तेच लोकांना विकले जाई. आज भरलेल्या बरणीत काय आहे आणि काल भरलेल्या बरणीत काय होते, हे कोणीच सांगू शकत नसे. तरी लोक ते विश्वासाने घेऊन जात.

क्लोदच्या मनातून औषधांवरचा विश्वासच उडाला. कोणते औषध शरीरात कोठे जाते, तेथे काय करते, हे ठाऊक नसताना ते द्यायचे कसे? हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हाच रुजला असावा, असे वाटते. पण त्या वेळी त्याला वैद्य व्हायचे नव्हते. त्याला नाटककार व्हायचे होते!

दुकानातून मोकळीक मिळाली की तो नाटकगृहात जाई. त्याने एक छोटे विनोदी नाटक लिहिले. ते ल्योंमध्ये रंगभूमीवर आले आणि लोकांना बरे वाटले. मग काय, त्याने पाच अंकांचे एक गंभीर ऐतिहासिक नाटक लिहिले आणि ते घेऊन १८३४ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे सँ-मार्क झिरार्दँ नावाचे मोठे समीक्षक होते. त्यांनी नाटक वाचले. तरुणाची मेहनत त्यांना दिसली. पण नाटकावर पोट भरणार नाही, हेही दिसले. औषधांच्या दुकानात काम केले आहेस, तर वैद्यकाचे शिक्षण घे आणि लिखाण फावल्या वेळात कर, असा सल्ला त्यांनी दिला. क्लोदने तो मानला. एका नाटककाराला साहित्य मुकले खरे. पण सल्ला देणाऱ्याची पारख चुकली होती, असे कोणी म्हणणार नाही.

वैद्यकाच्या वर्गातही बेर्नार चमकले नाहीत. शिकवण्या करून ते खर्च भागवत. व्याख्यानात त्यांचे लक्ष नसे, म्हणून ते आळशी आहेत असा शिक्षकांचा समज होता. १८३९ मध्ये रुग्णालयातील उमेदवार डॉक्टरांची परीक्षा झाली, त्यात २९ जणांमध्ये त्यांचा क्रमांक २६ वा होता. पण त्यांचे हात मात्र विलक्षण होते. केसासारखा बारीक मज्जातंतूही ते न तोडता मोकळा करून दाखवत. प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ फ्रांस्वा माझांदी यांच्या नजरेने हे हात हेरले. माझांदी रागीट होते, पण मनाचे मोठे होते. थोड्याच दिवसांत त्यांनी उघडपणे कबूल केले, की हा मदतनीस आपल्यापेक्षा सरस आहे. १८४१ पासून बेर्नार पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांचे सहायक म्हणून काम करू लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बेर्नार यांचे प्रयोग जिवंत प्राण्यांवर होत. कुत्री, ससे, बेडूक यांची शरीरे उघडून ते आतील व्यवहार पाहत. सुरुवातीच्या काळात भूल देणेच ठाऊक नव्हते आणि पुढेही पुष्कळ प्रयोग भूल न देता झाले. प्राण्यांना फार वेदना होत. हे वाचताना तुम्हांला वाईट वाटेल. त्या काळातही अनेकांना वाटत होते.

१८४४ मधील एक हकिकत ऐका. एका जर्मन शस्त्रवैद्याला जठरातील पाचकरस कसा काढतात ते पाहायचे होते. बेर्नार यांनी एका कुत्र्याच्या पोटात चांदीची नळी बसवली. दुसऱ्याच दिवशी कुत्रा नळीसकट पळाला! काही दिवसांनी बेर्नार यांना पोलीस अधिकाऱ्याकडून बोलावणे आले. कुत्रा नेमका त्या अधिकाऱ्याचाच होता. कोणीतरी तो रस्त्यावरून पकडून आणून दिला होता. बेर्नार यांनी सारे खरे सांगून टाकले, नळी काढून देण्याचे कबूल केले आणि घरच्या मंडळींची क्षमा मागितली. कुत्रा बरा झाला. अधिकाऱ्याचा रागही गेला. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे बेर्नार यांना प्रयोगाची जागा वारंवार बदलावी लागे. आता त्यांनी याच अधिकाऱ्याच्या हद्दीत जागा घेतली आणि त्याने त्यांना कायम सांभाळून घेतले.

पैशांची मात्र ओढाताण होती. प्राध्यापकीची परीक्षा ते नापास झाले. सारे सोडून गावी जावे आणि साधी डॉक्टरकी करावी, असे त्यांच्या मनात आले. तेव्हा मित्रांनी मार्ग काढला. १८४५ मध्ये फानी मार्तँ या श्रीमंत घरातील मुलीशी त्यांचे लग्न झाले. लग्नात मोठा हुंडा मिळाला आणि त्या पैशांवर संशोधन सुरू राहिले. हे लग्न कोणालाच सुखाचे झाले नाही. हुंडा देणाऱ्यांना डॉक्टर जावई हवा होता. बेर्नार यांना प्रयोगशाळा हवी होती.

पुढील दहा-बारा वर्षांत त्यांनी एकामागून एक शोध लावले. स्वादुपिंडाचा रस चरबी पचवायला मदत करतो, हे त्यांनी दाखवले. यकृत, म्हणजे तुमच्या उर्दूतले जिगर, शरीरासाठी साखर साठवते आणि लागेल तशी रक्तात सोडते, हेही त्यांनीच शोधले. मधुमेहाच्या अभ्यासाचा तो पाया ठरला. पण आपला विषय आहे औषधे, म्हणून आपण विषांकडे वळू. बेर्नार यांना विषे फार महत्त्वाची वाटत. विष शरीराच्या नेमक्या एखाद्याच भागाला गाठते. त्याचा माग काढला, तर तो भाग काय काम करतो हे कळते, असा त्यांचा विचार होता.

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचे विष लावत. बाण लागलेला प्राणी तडफडत नसे. तो शांतपणे खाली पडे आणि मरे. हे सुखाचे मरण आहे, असा सर्वांचा समज होता. बेर्नार यांनी बेडकावर एक साधा प्रयोग केला. त्यांनी बेडकाच्या एका मागच्या पायाच्या रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मज्जातंतू मात्र मोकळा ठेवला. मग पाठीच्या कातडीखाली क्युरारे टोचले. विष रक्ताबरोबर सगळीकडे गेले. फक्त बांधलेल्या पायात जाऊ शकले नाही. बेडूक मेल्यासारखा पडला. आता त्यांनी त्याच्या पुढच्या पायाला चिमटा घेतला. पुढचा पाय हलला नाही, पण तो बांधलेला मागचा पाय झटकन हलला!

याचा अर्थ काय? चिमटा बेडकाला कळला होता. तो सहन न होऊन त्याने हालचालीचा हुकूमही सोडला होता. तो हुकूम फक्त विष न पोहोचलेल्या पायाने ऐकला. म्हणजे क्युरारेमुळे जाणीव जात नाही. मज्जातंतू जेथे स्नायूला मिळतो, तेवढीच जागा ते बंद करते. सुखाचे मरण कसले! तो प्राणी सारे सोसत असतो. फक्त हलू शकत नाही. हा बेडकाचा पाय लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

आता थोडे भुलीविषयी. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात ईथर हुंगवून एका रोग्याची शस्त्रक्रिया सर्वांसमक्ष करण्यात आली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरला. त्यापूर्वी रोग्याला माणसांनी धरून ठेवावे लागे आणि त्याच्या किंकाळ्या ऐकतच सुरी चालवावी लागे. आता तो निजलेला असे. केवढा हा आनंद! पण १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीला पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला आणि दोन-तीन मिनिटांत ती दगावली. नखासाठी जीव गेला. नंतर अशा बातम्या ठिकठिकाणांहून येऊ लागल्या. क्लोरोफॉर्म कमी पडला तर रोगी उसळून उठे, हातपाय झाडी; जास्त झाला तर श्वास किंवा हृदय थांबे. या दोहोंमधली वाट अगदी अरुंद होती.

१८६० नंतरच्या काळात बेर्नार अफूचा अभ्यास करत होते. तिर्याकाच्या बरणीतला हा जुना ओळखीचा पदार्थ. पण आता ते अफू जशीच्या तशी वापरत नव्हते. रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील घटक वेगळे केले होते. बेर्नार यांनी सहा घटक एकेक करून तपासले. कोणता झोप आणतो, कोणता आचके आणतो, कोणता अधिक विषारी आहे, हे त्यांनी ठरवले. झोप आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे मॉर्फीन.

एकदा क्लोरोफॉर्म दिलेला कुत्रा शुद्धीवर येत होता. त्याच वेळी बेर्नार यांनी त्याला मॉर्फीनचे इंजेक्शन दिले. खरे तर क्लोरोफॉर्म बंद केलेला होता. मॉर्फीनच्या नुसत्या तेवढ्या मात्रेने वेदना पूर्ण नाहीशी होत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. तरीसुद्धा कुत्रा पुन्हा गाढ भुलीत गेला. हे कसे घडले?

बेर्नार यांनी त्याचे उत्तर असे काढले. क्लोरोफॉर्म बंद केला तरी थोडासा रक्तात उरलेला असतो. एरवी तेवढा पुरत नाही. पण मॉर्फीनने वेदनेची जाणीव आधीच मंद केली, म्हणून तो उरलेला थोडा क्लोरोफॉर्मही पुरेसा ठरला. कंदिलाची वात मोठी असेल तर ती विझवायला जोराची फुंकर लागते. वात आधीच खाली केलेली असेल, तर हलकी फुंकरही पुरते. तसाच हा प्रकार.

मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी मॉर्फीन दिले आणि नंतर क्लोरोफॉर्म. आता फार थोडा क्लोरोफॉर्म लागला. सुरुवातीची धडपडही झाली नाही. जनावर शांतपणे झोपी गेले. जवळजवळ त्याच सुमारास जर्मनीत म्युनिक येथे नुसबाउम या शस्त्रवैद्याने माणसाला शस्त्रक्रियेच्या वेळी मॉर्फीन टोचून असाच अनुभव घेतला होता. पण असे का होते, याचा छडा लावला तो बेर्नार यांनी. १८७२ मध्ये लाबे आणि ग्युयों या फ्रेंच डॉक्टरांनी ही रीत रोग्यांवर वापरली. पूर्ण भुलीला गुंगीच्या औषधाची जोड देण्याची प्रथा पुढे जगभर पसरली.

एका घातक औषधाची मोठी मात्रा देण्याऐवजी वेगवेगळी कामे करणाऱ्या दोन औषधांच्या लहान मात्रा द्यायच्या, ही ती कल्पना. आज क्लोरोफॉर्म भुलीसाठी वापरत नाहीत आणि शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा मिडॅझोलामसारखे गुंगीचे औषध देतात. कल्पना मात्र तीच आहे. अर्थात या जोडीला एक धोकाही चिकटलेला आहे. जशी झोपेत भर पडते, तशीच श्वास मंद होण्यातही पडते. दोन्ही औषधे मिळून श्वास थांबवू शकतात. म्हणून गुंगीचे औषध दिले असेल, तर भूलतज्ज्ञ भुलीची मात्रा कमी करतो आणि रोग्याच्या श्वासावरून नजर हटवत नाही. रोगी रोज झोपेच्या गोळ्या किंवा अफू घेत असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे लागते. लाजेखातर ते लपवणे जिवावर बेतू शकते. घरात कधी असा प्रसंग आला, तर एवढे जरूर आठवा.

बेर्नार यांनी वनस्पतींनाही भूल दिली बरे का! लाजाळूचे झाड तुम्ही पाहिले असेल. उर्दूत त्याला छुईमुई म्हणतात. बोट लावताच त्याची पाने मिटतात. बेर्नार यांनी हे झाड ईथरच्या वाफेत ठेवले. मग पानांना कितीही हात लावा, ती मिटत नव्हती. झाड बाहेर मोकळ्या हवेत आणले, की काही वेळाने ते पुन्हा लाजू लागे. भुलीची औषधे केवळ मेंदूवर नव्हे, तर सर्वच सजीव पेशींवर परिणाम करतात, असे त्यांनी यावरून मांडले. भुलीने पेशींतील द्रव्य किंचित गोठते, अशीही त्यांची समजूत होती. ती पुढे टिकली नाही. भुलीविषयीची त्यांची व्याख्याने १८७५ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

कीर्ती पुष्कळ मिळाली. १८५४ मध्ये ते विज्ञान अकादमीचे सभासद झाले. वर्षभरानंतर माझांदी वारले आणि त्यांची जागा बेर्नार यांच्याकडे आली. सम्राट तिसरा नेपोलियन त्यांच्यावर खूश होता. त्याने त्यांना सिनेटचे सभासद केले. पण बेर्नार यांची बरीच वर्षे एका ओलसर, अंधाऱ्या तळघरातील प्रयोगशाळेत गेली होती आणि त्यांची प्रकृती ढासळली. विश्रांतीसाठी ते सँ-झुलियँला गेले. तेथील द्राक्षमळ्याजवळ बसून त्यांनी प्रयोग कसा करावा याविषयी एक ग्रंथ लिहिला. तो १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही वाचला जातो.

घरात मात्र ते एकाकी होते. त्यांचे दोन मुलगे तान्हेपणीच वारले होते. पत्नीला प्राण्यांवरचे प्रयोग मुळीच सहन होत नसत. दोन मुली होत्या, त्यांनी आईची बाजू घेतली. अखेर पतिपत्नी वेगळे राहू लागले. फानी बेर्नार प्राण्यांचा छळ थांबवण्याच्या चळवळीच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांना हट्टी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण बेर्नार यांच्या प्रयोगशाळेत काम करून गेलेल्या एका ब्रिटिश डॉक्टरानेच १८७५ मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहून तेथे प्राण्यांचे किती हाल होतात ते जगासमोर मांडले. १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांवर बंधने घालणारा कायदा झाला. बेर्नार यांनी आपली बाजू कधी सोडली नाही. माणसावर औषध वापरण्यापूर्वी ते प्राण्यावर तपासलेच पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्यामुळे पुढे असंख्य रोग्यांचे हाल टळले, हेही खरे. आणि त्यासाठी मुक्या जनावरांनी जे सोसले, तेही खरे.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये बेर्नार यांचे निधन झाले. फ्रान्सच्या सरकारने त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. तोपर्यंत हा मान तेथे राजपुरुषांना आणि सेनापतींना मिळत असे. शास्त्रज्ञाला तो पहिल्यांदाच मिळाला.

आणि आता तो बेडकाचा पाय. रोगी भुलीत असला तरी त्याच्या पोटाचे स्नायू ताठ राहत. ते सैल करण्यासाठी भूल फार खोल द्यावी लागे आणि तेथेच जिवाला धोका होता. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात डॉ. हॅरल्ड ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्स काढण्यासाठी आलेल्या वीस वर्षांच्या एका तरुणाला आधी भुलीच्या वायूने झोपवले. तो पूर्ण झोपल्यावरच त्यांनी त्याला शुद्ध केलेल्या क्युरारेचे इंजेक्शन दिले. क्युरारे आधी दिले असते, तर तो हलला नसता. पण सुरीची प्रत्येक वेदना त्याला कळली असती. आता मात्र तो गाढ झोपेत होता. थोड्याच वेळात त्याच्या पोटाचे स्नायू कणकेसारखे मऊ झाले आणि शस्त्रवैद्याने शांतपणे सुरी हाती घेतली.